आईनं काय शिकवलं?

रोहित आईबरोबर एसटीनं कळवणला मुलगी बघायला निघाला होता. पुढच्या सीटवरच्या मालनबाई शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या.

“आमच्या तुषारला पोरीनं नकार दिला गं. तिनं इचारलं, ‘भाकरी येती का?’”

“मग?”

“हा बघतोय माझ्याकडं! लाडानं कधी चुलीपाशी फिरकू दिला नाय ना मी.”

“आता?”

“आता शिकवते. काल भाकरी थापताना मोडली, तर माझी आय मला म्हणायची तेच तोंडातून निघालं, ‘लोक इचारतील, आईनं काय शिकवलं?’”

“मग काय म्हणला?”

“म्हणला, ‘काहीच नाय.’”

दोघी खदखदून हसल्या.

रोहित आईकडे झुकला. “आई, भाकरीच्या पिठाला पाणी गरम घेतात का गं?”