मामाच्या साडीचं कार्ड

दीपक : ...आणि आधी तुझ्या कार्डाचं सांगून टाकतो. मग माझं.

कोकिळा : माझ्या कार्डाचं काय राहिलंय बंद करायला? धुळ्याहून आल्या आल्या कात्रीने कापलंत. तुमचं मात्र पाकिटात आहे अजून.

दीपक : कापलं म्हणजे बंद होत नसतं ते.

कोकिळा : तेवढं कळतं मला. अक्का मुक्कामाला होत्या, त्यांच्यासमोर का कापलंत, तेही कळतं.

दीपक : हळू बोल, गाणं थांबलं बघ. चाळीस मिनिटं नुसतं गाणं ऐकवलं या लोकांनी. हॅलो? हॅलो!

रूपाली : नमस्कार सर, कार्ड सेवा केंद्रातून रूपाली बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?

दीपक : सहाव्यांदा सांगतोय ताई. दीपक चुडामण पाटील, जळगाव. माझं कार्ड आणि बायकोचं त्याच खात्यावरचं कार्ड, दोन्ही बंद करायचीत.

रूपाली : बंद करण्याचं कारण कळेल का सर? आपल्यासाठी सध्या एक खास ऑफर...

दीपक : ऑफर राहू द्या तुमच्याकडेच. धुळ्याला अक्काच्या, माझ्या बहिणीच्या मुलीच्या, दिपमालाच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची माणसं दुकानात गादीवर बसलेली. मामाने द्यायची पिवळी साडी मी पसंत केली, कार्ड दिलं, तर मशीन तीनदा नाही म्हणालं. तुम्हाला फोन केला तर म्हणे शाखेत जा. पिंप्राळ्याच्या शाखेत गेलो तर म्हणे फोन करा. मामाच्या साडीचे पैसे शेवटी नवऱ्या मुलाच्या बापाने, रूपचंद नानांनी भरले! काय झालं ते कळतंय का तुम्हाला?

रूपाली : गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत सर. एक मिनिट, माहिती बघते.

कोकिळा : स्पीकरवर टाका.

दीपक : कशाला?

कोकिळा : टाका. मलाही ऐकायचंय.

रूपाली : सर, पत्त्याच्या पुराव्यासाठी आपली दोन्ही कार्डं थांबवली आहेत. आपण तीन वेळा वीजबिल पाठवलंत, पण ते चुडामण पाटील यांच्या नावावर आहे. म्हणून नामंजूर झालं.

दीपक : अहो, वडील आहेत ते माझे! घर आबांचं, मीटर आबांचं. माझ्या नावात त्यांचं नाव आहे, दिसत नाही का?

रूपाली : सिस्टीम घेत नाही सर.

कोकिळा : ताई, मी त्यांची मिसेस. मला एकदा कुरिअरवाल्याचा फोन आला होता, मी लगेच कट केला. माझ्याकडून ओटीपी गेला म्हणून तर नाही ना झालं हे?

रूपाली : नाही मॅडम. तसं काहीच दिसत नाही.

कोकिळा : कार्ड थांबवलंय, हे कळवलं होतं तुम्ही?

रूपाली : हो मॅडम, अकरा तारखेला, ॲपवर. त्याच दिवशी मेसेज उघडलेला दिसतोय. सर, मग बंद करण्याची विनंती नोंदवू का?

दीपक : मी... मी नंतर करतो फोन.

(दीपक फोन ठेवतो.)

कोकिळा : बस्ता तेरा तारखेला होता.

दीपक : हो.

कोकिळा : म्हणजे घरून निघतानाच माहीत होतं तुम्हाला.

दीपक : बारा तारखेला परत बिल पाठवलं होतं मी. वाटलं, सकाळपर्यंत होईल चालू.

कोकिळा : मग रोख घ्यायची. स्टँडवर एटीएम आहे.

दीपक : रूपचंद नानांसमोर नोटा मोजत बसायला नको वाटलं. त्यांच्याकडचे सगळे कसे टकाटक. मीही कार्ड काढलं तर जरा बरं दिसेल, एवढंच आलं डोक्यात.

कोकिळा : आणि मशीन नाही म्हणाल्यावर मला पुढे केलंत. "हिनेच कुणाला तरी ओटीपी सांगितला असेल, हिला काय कळतंय त्यातलं."

दीपक : तोंडातून निघून गेलं गं.

कोकिळा : एकदा निघून जातं. तुम्ही दोनदा म्हणालात. दुसऱ्या वेळी हसलात, म्हणून मग सगळेच हसले.

दीपक : मला स्वतःची शरम वाटतेय, कोकिळा.

कोकिळा : माझ्या पर्समध्ये पैसे होते. ब्लाउज शिवून साठवलेले. त्या साडीपुरते होते. चेनही उघडली होती मी.

दीपक : मग काढले का नाहीस?

कोकिळा : कसे काढू? तुम्ही ते बोलून बसलात. लगेच मी नोटा बाहेर काढल्या असत्या, तर लोकांना काय वाटलं असतं? हिच्याकडे एवढे आले कुठून?

दीपक : बंदच करू ती कार्डं. आत्ताच्या आत्ता. डोळ्यांसमोर नको मला ती.

कोकिळा : करा की. मी कुठे ठेवा म्हणतेय? पण आज बंद केलीत की लग्नात सगळे म्हणणार, कोकिळामुळे बंद करावी लागली.

दीपक : मी नाही सांगणार तसं कुणाला.

कोकिळा : तुम्ही कशाला सांगायला हवं? अक्कांनी कात्री बघितलीय.

दीपक : थांब. चाळीसगावला अक्काला लावतो फोन. हे बघ, स्पीकरवरच ठेवतो... अक्का? मी दीपक.

अक्का : बोल रे भाऊ. दिपमालानी पिवळी साडी फॉल लावाले दिधी शे आत्तेच. काय काम शे?

दीपक : अक्का, कार्ड कोकिळामुळे बंद नव्हतं पडलं. माझ्यामुळे पडलं होतं. मला दोन दिवस आधीच माहीत होतं. दुकानात मी खोटं बोललो.

अक्का : माले वाटनंच व्हतं. निंघताना कोकिळा मन्हा पाय लागनी, पन डोया वर करा नही तिनी.

दीपक : चुकलो मी. साडीचे पैसे नानांना नेऊन देतो.

अक्का : पैसा ऱ्हाऊ दे. दुकानमा कितला माणसं व्हतात?

दीपक : वीस-बावीस.

अक्का : मंग मन्ह्या एकलीना कानमा काय सांगस? हयदले बठ्ठा येतीन. तठे सांग.

दीपक : रूपचंद नानांसमोर?

अक्का : त्यास्ना समोरच बोलना व्हता ना तू? ठेव फोन आते.

दीपक : ...ऐकलंस?

कोकिळा : ऐकलं.

दीपक : सांगतो हळदीला. सगळ्यांसमोर सांगतो.

कोकिळा : हं.

दीपक : आणि कार्डांचं? तू सांग. ठेवायची की बंद करायची?

कोकिळा : बंद करा. बापाचं मीटर मुलाच्या घरात असतं हे ज्यांना समजत नाही, त्यांच्याशी किती दिवस भांडायचं? पण हळद झाल्यावर करा. त्याआधी नको.

दीपक : बरं. हळद झाल्यावर.

कोकिळा : आणि तिथे सांगाल तेव्हा माझ्याकडे बघू नका. तुम्ही बघितलंत की मला रडू येईल.