दिसलं होतं, तरी आउट

...नाही, पण मला एक सांगा, अंपायर व्हायला मी स्वतःहून गेलो होतो का? इथे अमेरिकेत, शॉमबर्गला पोरांची शनिवारची बेसबॉल मॅच, अंपायर आलाच नाही, सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघायला लागले, आणि आमची बायको सुवर्णा म्हणते, "गुरुनाथ करेल, नागपूरला करायचा!" अहो, गल्लीतल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटचं अंपायरिंग! पण घातला तो जाळीचा मुखवटा. आणि नेमकं काय व्हावं? शेवटचा डाव, स्कोअर बरोबरीत, आणि रनसाठी धावत येतंय कोण... माझीच लेक, सिया! प्लेट म्हणजे जमिनीतली पांढरी पाटी, तिच्यावर पाय आधी तर सेफ, बॉल आधी तर आउट, आपल्या रनआउटसारखंच. पोरगी घसरत आली, धूळ उडाली, आधी पाय, मग बॉल. दिसलं हो मला, ढळढळीत दिसलं! पण तुम्हाला सांगतो, डोक्यात एकच... लोक काय म्हणतील? बापानं पोरीला जिंकवलं! वळली मूठ. आउट!

बरं, समोरच्या टीमचा कोच, सहा फुटी माणूस, तो स्वतः येऊन म्हणतो, "सर, आय थिंक शी वॉज सेफ." समोरचा सेफ म्हणतोय, आणि बाप? "नो! आउट म्हणजे आउट!" तेही मराठीत! टीव्हीवरच्या मॅचमध्ये बरं असतं, शंका आली की व्हिडिओ बघतात, निर्णय फिरवतात. आमच्या मैदानावर कुठला रिव्ह्यू? जादा डाव झाला, त्यात टीम हरली.

रिव्ह्यू झाला घरी. सुवर्णानं मोबाईलवर स्लो करून बारा वेळा दाखवलं. "हा पाय. हा बॉल. आंधळा आहेस का?" आंधळा असतो तर बरं झालं असतं हो! सियानं एवढंच विचारलं, "बाबा, डिड यू सी इट?" खोटं बोलवेना. म्हटलं, "दिसलं होतं." तिनं ग्लव्ह गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. महिनाभर हात लावला नाही. रोज गाडी काढताना मला तो दिसायचा. चुकलोच हो मी! पण आता निर्णय फिरवायचा कुठे? आउट म्हणजे आउट...

परवा गेली एकदाची खेळायला. मी प्रेक्षकांत, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. सिया धावली, घसरली, अंपायर म्हणाला आउट. होतीच आउट, चांगली दोन हात लांब! पण मी ताडकन उभा, "सेफ! सेफ! डोळे आहेत का?" सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. सिया उठली, पँट झटकली, आणि एरवी मराठीचा शब्द न काढणारी माझी पोरगी सगळ्यांसमोर खणखणीत ओरडली, "बाबा, आउट म्हणजे आउट!"

बसलो गुमान खाली. शिकवलं कुणी तिला?