मधातून उघडनारी चेन

अजी हाय न भाऊ, तुमची बॅग हायच, माह्या मागंच ठेवली — पट्टा एकदम पक्का केला, डबल शिलाई मारली, संत्रे भरून ओढत न्या, तुटला त नाव बदला माहं. पन द्यायच्या अगोदर दोन मिनिटं बसा. इटारसीची गाडी? टाइम हाय अजून, स्टेशन काय, हे इथं. बसा त! काय हाय, बॅगच्या चेनचं जरा... नाही नाही, तुम्ही चेनचं बोललेच नव्हते, मले मालूम हाय, तुम्ही पट्ट्यासाठीच देऊन गेल्ते. पन चेनचं सांगाचं म्हन्लं का मले माह्या पोरीचं सांगा लागते.

करुणा माही पोरगी. नागपूरले एमएस्सी केली, बॅक्टेरियाची. आज सौसरच्या एका कॉलेजात तिचा इंटरव्ह्यू हाय, पोरायले शिकवून दाखवाचं. याच्या अगोदर दोन-तीन जागी गेली, सारे म्हन्ले कळवतो — कोन कळवते जी? आता तिनं ठरवलं, आज झालं त झालं, नाही त शिकवनं बंद, औषधाच्या दुकानात बसनार. अन् मले ते पायवत नाही भाऊ. ती शिकवाले लागली का भिंतही मान हलवते.

आता शिकवाचं काय, त डीएनए. तुम्हाले मालूम हाय? मलेही नव्हतं. बॅक्टेरियाच्या आंगात म्हन्ते एक लांबच लांब चेन रायते — दोन पट्ट्या, मधात दाते अडकेल — अन् कोनता माल कसा बनवाचा ते साऱ्याचं सारं त्या दात्यायच्या क्रमात लिवेल. पन चेन त बंद! बंद चेनच्या आतलं वाचावं कसं? त्यासाठी एक कारागीर रायते, आरएनए पॉलिमरेज — पाठ केलं मी नाव, यमुना, माही बायको, म्हन्ते जेवतानीही तेच बडबडून राहिले तुम्ही. हा कारागीर लय हुशार, वाचत जाते अन् नक्कल काढत जाते, पन सुरू कुठून कराचं हेच त्याले कळत नाही! मंग त्याच्यासंग एक सोबती असते, सिग्मा. ते खुना वयखते, म्हन्ते, बस, इथंच. दोघं चिपकतात तिथं — पन चेन अजून बंदच हाय बरं का. त्या जागी जोड जरा कच्चा रायते, तिथं चेन वाकवतात, अन् सिग्मा एक दाता उचकून आपल्या खिशात धरून ठेवते — खरंच जी, खिसाच हाय म्हन्ते त्याले — का दहा-बारा दाते सुटले. ना लाइट लागे, ना तेल. अन् उघडते कुठं? मधातच! हे टोक बंद, ते टोक बंद, मधात उघडी.

अन् इथंच माही गंमत झाली. करुणानं खऱ्या चेनचं मॉडेल बनवलं होतं. दोन रनर — चेन ओढाले धरता न, ते — तोंडाले तोंड करून, मधात उघडी जागा. दोन्ही संग सरकवले का पुढचे दाते सुटत जातात अन् मागचे लागत जातात — कारागीर वाचत चालला. काल सांजेले ते माह्या नजरेत आलं. आता मधात उघडी चेन म्हन्जे माह्यासाठी काय भाऊ? बिमार चेन! दिवसभर तेच त दुरुस्त करून राहिलो न मी. म्हन्लं पोरगी दमली, बापानं येवढंही करू नये? पक्कडनं दोन्ही रनर काटले, फेकले, एक नवा पितळी चढवला, वरून मेनबत्ती घासली — अशी सरसर चालली, वा! सकाळी तिनं पायलं. रडली नाही. रडली असती त बरं झालं असतं. नुसती म्हन्ली, "बाबा, हे काय केलं?"

तिची बस सुटाले अर्धा घंटा, बाजार बंद, अन् त्या मापाचे दोन रनर पूर्‍या दुकानात एकाच जागी... अजी, उठता काऊन! बसा न! चोरी नाही केली, उधार घेतले. तुम्ही पट्टा पाहा, पट्टा कसा झाला ते पाहा.

बस स्टँडवर मी तिच्यासंग बसमधीच बसलो. म्हन्लं कॉलेजच्या फाटकापर्यंत येतो. त म्हन्ते, "बाबा, पॉलिमरेज सुरुवातीले लहान लहान तुकडे काढते, फेकते, पुन्हा सुरू करते. पन एकदा निघालं का सिग्मा बहुतेक सोडूनच देते त्याले. उतरा आता." उतरलो. खोटं काऊन सांगू, लय वाईट वाटलं. तवापासून फोनकडे पाहून राहिलो. माह्या हातानं पोरीचं नुकसान झालं त मी...

थांबा, तिचाच. तुम्ही उचला न — नाही, द्या, मीच घेतो. हॅलो! बोल बेटा. हाव, दुकानातच हाय. रनर सरकले? दोन्ही? अटकले नाही न? ... साहेबाईनं स्वतः सरकवून पायले? ... कोनी बनवलं विचारलं? मंग सांगाचं न, मी बनवलं म्हनून... माहं नाव कायले घेतलं तिथं! ... बिघडवलं तेही सांगितलं? साऱ्याईसमोर? ... तिथूनच सुरू केलं? "माह्या बाबाले वाटलं चेन बिघडली" — असं म्हन्ली तू? ... हसले? पोरंही? ... मंग? ... सोमवारपासून? ... बेटा, पुन्हा सांग. ... हाव. हाव. ठेव तू, मी करतो मंग.

घ्या भाऊ बॅग. तोंड सुतळीनं बांधून देल्लं, कायी पडत नाही. रनर पुढच्या खेपेले लावून देतो. काय विचारता, कायी नाही झालं मले. जा न जी, गाडी निघून जाईन तुमची. शटर पाडाचं हाय मले, जा.