सील न फोडलेली तबकडी

मागं ऐकू येतंय ना, मंडळी? येतंय? खांबाजवळच्या आजी, तुम्हाला? हां — मान हलवलीत! मान हलवणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, बरं का आजी! त्या दोहोंत किती अंतर असतं, तेच आज उत्तररंगात सांगायचंय.

आधी एक प्रश्न. एखादी वस्तू जिवापाड जपायची — म्हणजे नेमकं करायचं काय? कुलपात ठेवायची, की हाताळायची? हे आपले रामराया बघा. रोज पाणी, रोज गंध, रोज पुसणं! पिढ्यान्‌पिढ्या पुसून पुसून देवाचं नाक गुळगुळीत झालंय. मग आमच्या गुरवांनी मूर्ती जपली की झिजवली? बोला! — गप्प! सगळे गप्प! प्रसादाच्या वेळी बघा कसा आवाज फुटतो यांना!

बरं, राहू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर साताऱ्याचे मुकुंदराव खांबेटे देतील. ऐका!

मुकुंदरावांचं चष्म्याचं दुकान. साऱ्या गावाला स्पष्ट दिसायला लावायचं, हा त्यांचा धंदा. आणि स्वतःचा चष्मा? कायम कपाळावर! घरात बायको नलिनीताई. मूलबाळ परगावी. तिसरं माणूस घरात कोण? माणूस नव्हे — तबकड्या! रेकॉर्डी! भिंतभर कपाट आणि कपाटभर रेकॉर्डी.

कसल्या? नाट्यसंगीत? नाही. अभंग? नाही हो! जॅझ!

हसू नका! जॅझ म्हणजे काय, तेही ऐका. चार-पाच वाजवणारे जमतात. एक चाल घेतात, सगळे मिळून एकदा वाजवतात. मग एकेक जण सुटतो — आपापल्या वाटेनं हिंडतो, गल्लीबोळ फिरतो, ऐकणाऱ्याला वाटतं, गेला हा, हरवला! — आणि बरोब्बर ठेक्यावर घरी! आमचे पेटीवाले करतात की तेच! फरक इतकाच, ते लोक परत येतात आणि आमच्या पेटीवाल्यांना मी शोधून आणतो! — रागावू नका, पेटीवाले, सूर धरा, सूर धरा!

तर या जॅझच्या जुन्या रेकॉर्डी. एकदा निघाल्या, खपल्या, संपल्या. मोठ्या कंपन्या काही त्या पुन्हा काढत नाहीत. पण जगात कुठं कुठं छोटी वेडी माणसं असतात. कुणाचं गॅरेज, कुणाची माडी, तेवढीच त्यांची कंपनी! जुनी ध्वनिफीत शोधायची, धूळ पुसायची, मोजक्या तबकड्या नव्यानं छापायच्या आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्यांना पाठवायच्या. मुकुंदराव या साऱ्यांचं गिऱ्हाईक! पोस्टमन चौकोनी खोका घेऊन आला की नलिनीताई आतूनच म्हणायच्या, "अहो, तुमची सवत आली बघा. — म्हणजे माझी!"

आणि या संग्रह करणाऱ्यांचा एक रिवाज असतो, मंडळी. रेकॉर्डवर पातळ प्लॅस्टिक असतं, कंपनीचं सील. ते फोडायचं नाही! सील शाबूत तर रेकॉर्ड कोरी, आणि कोरी असली तरच तिची शान! अहो, मग ऐकायचं काय? तर ऐकायला दुसरी प्रत घ्यायची! हे म्हणजे पुरणपोळी देवासारखी कपाटात ठेवायची आणि ताटात दुसरी वाढून घ्यायची. हसताय? थांबा. तुमच्याही घरी येणार आहे मी शेवटी!

आता खरी गोष्ट.

लग्न झालं त्या वर्षी मुकुंदरावांनी नलिनीताईंना मुंबई दाखवायला नेलं. गिरगावात मावशीकडं मुक्काम. आणि एका संध्याकाळी, मावशीला "देवळात जाऊन येतो" सांगून, हा गृहस्थ नव्या नवरीला घेऊन गेला कुठं? समुद्राकाठच्या हॉटेलात! जॅझ ऐकायला! दोघांत मिळून एक कॉफी. नलिनीताईंच्या हातात हिरवा चुडा, डोक्यावरून पदर, आणि भोवती सगळे सुटाबुटातले. कानकोंडी होऊन बसली बिचारी.

बॅन्डमध्ये एक गोव्याचा म्हातारा ट्रम्पेट वाजवत होता — आग्नेल मेस्तर. वरात निघते तेव्हा बॅन्डच्या पुढं ते पितळी वाद्य असतं ना, तेच. आधी त्यानं असा वरचा सूर लावला, असा वरचा, की छताची झुंबरं हलावीत! मग त्याला ही हिरव्या चुड्याची पोर दिसली. बावरलेली. तो उतरला खाली, यांच्या टेबलाजवळ आला, वाद्याच्या तोंडाला वाटीसारखं झाकण लावलं आणि तीच चाल वाजवली — अगदी हळू, कानात गुज सांगावं तशी. आणि काय झालं, मंडळी? नलिनीताईंचा हात आपोआप हलू लागला. किण किण, किण किण. बांगड्यांनी ठेका धरला! मेस्तर हसला, नवरा हसला, नवरी लाजली. त्या घटकेपासून संसार सुरू झाला, असं मुकुंदराव म्हणायचे. मंगलाष्टकं आधी झाली होती, ती वेगळी!

पुढं ती चाल नलिनीताई तांदूळ निवडताना गुणगुणायच्या. चुकीची गुणगुणायच्या! आणि मुकुंदराव मेस्तरांच्या त्या चालीची रेकॉर्ड शोधत राहिले. उभी हयात शोधली, मिळाली नाही. आणि एक दिवस म्हापशाहून बातमी आली. मेस्तरांच्या दोन नातींनी छोटी कंपनी काढली — तिनसांज रेकॉर्ड्‌स. आजोबांची रेकॉर्ड नव्यानं निघाली! प्रती मोजून तीनशे. मोबाइलवर नाही, इंटरनेटवर नाही — हातात घ्या, सुई ठेवा आणि ऐका, असा त्या पोरींचा हट्ट!

आली रेकॉर्ड साताऱ्याला. नलिनीताईंनी हात पुसले, खुर्ची ओढली. "लावा."

मुकुंदराव म्हणाले, "थांब गं! एकच प्रत मिळालीय. सील कसं फोडू? आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतील ना, त्या दिवशी फोडू. झोकात!"

नलिनीताईंनी एकदा रेकॉर्डीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. "बरं," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

याच दिवसांत मुकुंदरावांचं एका मित्राशी बिनसलं. कऱ्हाडचे डॉक्टर बागवान, दाताचे डॉक्टर. तेही जॅझवाले! पण यांची तऱ्हा उलटी. दवाखान्यात रेकॉर्डी लावायचे. पेशंट आ वासून पडलाय, इकडं दाढ उपटतेय आणि तिकडं ट्रम्पेट! सील-बील काही नाही. आग्नेल मेस्तरांची प्रत यांनीही घेतलेली, आणि ती रोज वाजते! मुकुंदराव एकदा बघायला गेले, तर रेकॉर्डीच्या कव्हरावर चहाचा कप ठेवलेला. झालं! "डॉक्टर, तुम्ही संग्राहक नाही, तुम्ही कसाई आहात!" म्हणाले आणि एसटीत बसले. बोलणं बंद. वर्षं गेली.

वर्षं जातात हो. त्यांना सील नसतं.

पन्नासाव्याला दोन वर्षं राहिली असताना नलिनीताईंना कमी ऐकू येऊ लागलं. दाखवलं कानाच्या डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, "कानाची नस सुकतेय. आधी वरचे सूर जातात, मग खालचे. यंत्रानं बोलणं कळेल. पण गाणं पूर्वीसारखं लागायचं नाही."

नलिनीताई रिक्षात हसून म्हणाल्या, "चला, तुमची बडबड तरी टळली!"

मुकुंदराव नाही हसले. आता सांगा, त्यांनी काय करायला हवं होतं? — घरी जाऊन सील फोडायला हवं होतं! बरोबर! पोरंसोरं सांगतील! पण यांनी काय केलं? दुसरी प्रत शोधायला घेतली! म्हापशाला फोन — संपली. पुण्याला फोन — नाही. ओळखीच्या अनोळखी साऱ्यांना विचारलं. कऱ्हाड सोडून! बायकोचे कान चाललेत आणि हा गृहस्थ प्लॅस्टिक वाचवतोय! दुष्ट होता का? मुळीच नाही. जीव होता तिच्यावर. जपायची सवय जडली होती नुसती, आणि सवयीला माणूस दिसत नाही, मंडळी.

चैत्र लागला. अंगणातल्या आंब्यावर कोकिळा नुसती ओरडत होती. कान किटवलेले तिनं! मुकुंदराव चहा घेत होते. नलिनीताई शेजारी बसल्या, आंब्याकडं बघितलं आणि सहज म्हणाल्या, "यंदा कोकिळा आली नाही वाटतं अजून."

वर कोकिळा ओरडतेय. कुहू! कुहू!

मुकुंदरावांच्या हातातली बशी कलंडली. उठले. तडक कपाटाकडं! रेकॉर्ड काढली, आणि नऊ वर्षं जपलेलं ते सील नखानं टर्रकन फाडलं! डोळे भरलेत, चष्मा कपाळावर. तबकडी काढली, ठेवली, सुई टेकवली. "नलू, ये! बस इथं! ऐक!"

आणि आतून आवाज आला — धाड! धाड! धडाड धूम!

नलिनीताईंनी कान पुढं केला. "अहो, हे कोण धुणं आपटतंय?"

मुकुंदरावांनी चष्मा खाली ओढला. तबकडीच्या मधल्या कागदावर नाव दुसरंच! त्या पोरींनी एका ड्रमवाल्याचीही रेकॉर्ड त्याच महिन्यात काढली होती. घरचाच कारखाना — जेवणाच्या टेबलावर आत्या, मावश्या, शेजारणी कव्हरं भरताहेत, गप्पा चालल्यात. एक तबकडी गेली दुसऱ्या कव्हरात. पहिल्याच दिवशी सील फोडलं असतं तर? पोरींनी हात जोडून बदलून दिली असती! पण आता? नऊ वर्षं या माणसानं देव्हारा पुजला, आणि आत देवच नव्हता!

खुर्चीत बसले आणि रडले मुकुंदराव. लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसले आणि काय केलं? कऱ्हाडला फोन लावला.

"डॉक्टर... मी खांबेटे. त्या दिवशी मी फार बोललो."

पलीकडून आवाज — "खांबेटे, पेशंट खुर्चीत आहे. कामाचं बोला."

सांगितलं सगळं. मग डॉक्टर म्हणाले, "वहिनींना म्हणावं, चहा टाका. निघालोच." आणि खुर्चीतल्या पेशंटला म्हणाले, "कापूस घट्ट दाबून धरा, दाढ उद्या!"

आले डॉक्टर. रेकॉर्ड कशात? एक्स-रेच्या पाकिटात! कव्हरावर तो चहाचा गोल डाग अजून तसाच. तबकडीवर चरेच चरे. पण मुकुंदराव आता डाग बघत नव्हते. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, नलिनीताईंना स्पीकरशेजारी बसवलं. डॉक्टरांनी सुई ठेवली.

खर्र... खर्र... आणि बॅन्ड सुरू झाला. मेस्तरांनी तो वरचा सूर लावला — तोच! झुंबर हलवणारा! मुकुंदरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वळून पाहिलं. नलिनीताई शांत बसलेल्या. वाट बघत. "लागली का?" त्यांनी विचारलं.

तो सूर येऊन निघून गेला होता, मंडळी. तिच्यापर्यंत पोचलाच नाही. चार वर्षांपूर्वी पोचला असता. गेल्या वर्षीसुद्धा थोडा पोचला असता.

मुकुंदरावांनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात मेस्तर खाली उतरले. वाद्याच्या तोंडाला वाटी लावली. हळू, कानात गुज सांगावं तशी, तीच चाल...

किण.

मुकुंदरावांनी मान वर केली. किण किण, किण किण! सत्तरीच्या बाईचा हात हलत होता, बांगड्या ठेक्यात वाजत होत्या! तोंडभर हसत होत्या नलिनीताई. डॉक्टर बागवान खिडकीकडं तोंड करून उभे राहिले; उगाच रुमाल शोधत होते.

चाल संपली. नलिनीताई म्हणाल्या, "मधे खरखर कसली हो होती?"

डॉक्टर ओशाळले. "वहिनी, ती माझी कृपा. रोज वाजवून वाजवून पडलीय."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तिथंही कपबशा वाजतच होत्या की!"

मुकुंदराव त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "नलू, सगळं ऐकू आलं ना गं?"

नलिनीताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. मान हलवली. म्हणाल्या, "सगळं!"

खोटं बोलली ती माउली. आणि खोटं बोलली हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिलाही कळलं. "पुन्हा लावा," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा लावली. पुन्हा, पुन्हा! डॉक्टरांनी रेकॉर्ड तिथंच ठेवली, बदल्यात धुणं आपटणारी घेऊन गेले. आता तीच लागते दाढ काढताना! आणि मुकुंदरावांनी विळी घेऊन कपाटातल्या साऱ्या रेकॉर्डींची सीलं फाडली. प्लॅस्टिकचा ढीग साचला घरात. रोज संध्याकाळी दोघं ऐकतात. तिला जेवढं येतं तेवढं ती ऐकते, उरलेलं तो तिला हातवारे करून सांगतो. काय हातवारे करतो! साताऱ्याला गेलात तर खिडकीतून बघा.

आता माझं वचन! तुमच्या घरी येतो म्हणालो होतो. आलो! तो टीव्हीचा रिमोट — अजून प्लॅस्टिकमध्येच ना? सोफ्यावरचं कव्हर, कव्हरावरचं कव्हर? शोकेसमधला डिनर सेट कुणाची वाट बघतोय? पाहुण्यांची? अहो, घरातली माणसंच पाहुणी आहेत! आज आहेत, जेवायला बसलीत, वाढा की त्यांना त्यात! पैठणी ट्रंकेत आहे, ती नेसून मिरवणारी मात्र म्हातारी झाली! आणि सगळ्यात मोठं सील कुठं असतं सांगू? इथं — छातीत! "तू होतीस म्हणून निभावलं," एवढं वाक्य नवऱ्यानं बायकोसाठी कोरं ठेवलंय. "दादा, चुकलं माझं," हे भावानं कोरं ठेवलंय. पन्नासाव्याला फोडू म्हणता? फोडाल. पण ऐकणाऱ्याचा कान तोवर राहील? आणि आत तुम्ही समजताय तेच निघेल? रामरायाचं नाक झिजलंय म्हणून तो आपला आहे, बाबांनो! कोरा देव दुकानात असतो!

टाळ घ्या. वाजवा, झिजवा, कोरे ठेवू नका! सूनबाई, आजींना धरून पुढं आणा. इथं, माझ्याजवळ बसवा. हां.

आजी — ऐकू आलं ना सगळं?

मान हलवू नका, आजी. नसलं आलं तर सांगा. मी पुन्हा सांगतो.