स्वतःला सोडून

—येतील हो, मालक येतील, पाटीवर नाव वाचलंत ना, मग येतीलच. तुम्ही आधी डावा हात खाली घेऊ नका, काखेत टाचणी आहे, टोचली तर बोंब माराल आणि नाव दुकानाचं खराब होईल. असे उभे राहा, ताठ. पोट आत घेऊ नका, भाषणभर ते आत धरून कोणाला उभं राहता आलेलं नाही. हो, भाषण! तुमच्या खिशातला कागद वाचला मी. वाचला तर वाचला! माप घेताना खिसे रिकामे करावेच लागतात, आणि त्यात माझ्याच माणसांचं नाव ठळक अक्षरात दिसलं तर मी काय डोळे मिटून घेऊ? ‘वाटपे जमात : उदय आणि अस्त.’ परवा संग्रहालयात नवं दालन उघडणार, आणि तुम्ही या कोटात उभे राहून सांगणार, की शेवटच्या शिरगणतीत वाटप्यांचा एकही माणूस आढळला नाही. एकही नाही म्हणे! मग तुमची बाही कोण आखूड करतंय, भूत?

हलू नका. उदय तुम्ही लिहिलाय तो निम्मा बरोबर आहे. खिंड आमची होती, मीठ आमच्या खिंडीतून जायचं, सगळं खरं. पण ‘शूर आणि लढवय्ये’, हे कुठून काढलंत? शूर कसले, आमच्याकडे धड एक भाला नव्हता. आमच्याकडे एक रीत होती. मोजताना स्वतःला मोजायचं नाही, बस्स! घरात माणसं किती—स्वतःला सोडून सांगायचं. मीठ वाटायला बसलात—स्वतःला सोडून वाटायचं, शेवटच्या खड्यापर्यंत. मग बाकीचे आपापल्या वाट्यातून वाटणाऱ्याला देणार. आई म्हणायची, ज्याला स्वतःला मोजावं लागतं, त्याला मोजणारं कोणी उरलेलं नसतं. हसताय काय? नदी ओलांडून आलेल्या त्या दहा शहाण्यांची गोष्ट मलाही ठाऊक आहे. ते स्वतःला मोजायला विसरायचे आणि नऊच भरले म्हणून रडायचे, आम्ही विसरत नव्हतो, फरक आहे. आता सांगा, असा वाटणारा मिळाला तर कोण सोडेल? डोंगराअलीकडचे, पलीकडचे, एकमेकांचे गळे धरणारे—पाणी वाटायला, शिकार वाटायला, बापामागे भावांची भांडणं मिटवायला आम्हालाच बोलावणं. म्हणून वाटपे. खिंड आम्ही जिंकली नव्हती, त्यांनीच आणून हातात दिली, सात पिढ्या सांभाळा म्हणून. ते लिहा.

आणि अस्त? ‘साथ व दुष्काळ’—अहो, कसली साथ! एक कारकून आला. जाडजूड वही घेऊन शेताशेतावर उभा राहायचा, विचारायचा, हे कोणाचं? आमची माणसं गप्प. स्वतःचं नाव स्वतः कसं घेणार? म्हणायची, शेजाऱ्याला विचारा, तो सांगेल. कारकुनाला एवढा वेळ कुठला! ज्याचं त्याने सांगायचं, असा नियम. लिहिलं—बेवारस. एका हंगामात अख्खी खिंड बेवारस झाली, माणसं तिथेच उभी असताना. मूर्ख म्हणा, सगळेच म्हणतात. मी नाही म्हणणार! एकानेही खोटं सांगितलं नव्हतं. मग पांगलो, कोणी खाणीत, कोणी बंदरात, आणि शहरात स्वतःला न मोजणारा दोन दिवसांत उपाशी. पोरं मोजायला शिकली, वाटपे हे नाव टाकून मोकळी झाली. आमच्या आईने नाही टाकलं.

तर तुमची ती शिरगणती. अकरा वर्षांपूर्वी या इथे, या दारात उभा होता तो मोजणीवाला, घामाघूम. विचारतो, बाई, वाटपे किती उरले? मी म्हटलं, कोणी नाही. आणि हा उंटावरचा शहाणा माझ्या तोंडाकडे बघत बघत शून्य लिहितो! स्वतःला सोडून सांगितलं होतं मी, रीतीप्रमाणे, आणि धाकटा आत पडद्यामागे बटणांची काजं करत होता, तो—

काही नाही. ही बाही बघू. जरा लांबच आहे.

असे काय बघताय? हो. एक. एक म्हणायला हवं होतं, फार हुशार आहात. मी होते, माझा भाऊ होता, मला सोडून एक. आणि मी कोणी नाही म्हटलं—जाणूनबुजून, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने. का? त्या पाटीपायी! नवी पाटी रंगवून आणली त्याने, वर स्वतःचं नाव, खाली माझं. आपल्या हाताने आपलं नाव! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. आता वाटतं, पाटी ती पाटी, एवढं काय त्यात—पण तेव्हा नाही वाटलं. पडद्यामागे कात्री थांबली. मोजणीवाला गेला. मग धाकटा बाहेर आला, बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं, म्हणाला, ‘ताई, कोणी नाही तर कोणी नाही.’ गेला. आमच्यात माणूस मारायला भाला लागत नाही, साहेब. तेव्हापासून काजं मी बाहेर करायला देते.

रडत नाहीये, खडूची पूड गेली डोळ्यात. ऐका. तुमचं भाषण वर्तमानपत्रात छापून येणार. तो कुठेही असो, वर्तमानपत्र वाचल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही त्याच्या. त्याने पुन्हा ‘एकही नाही’ वाचायचं? माझ्या तोंडचं? मी होऊ देणार नाही! पाटी बघितलीत ना येताना, त्याच्या एकट्याचं नाव आहे ना? माझं मी त्याच आठवड्यात खरवडून काढलं. त्याला ते ठाऊकसुद्धा नाही. उजवा हात मोकळा आहे तुमचा, पेन घ्या आणि विचारा मला. असं पुटपुटत नाही, त्या मोजणीवाल्यासारखं खणखणीत—वाटपे किती उरले?

एक.

लिहा. आकड्यात नको, अक्षरात. पत्ता? पत्ता असता तर तुम्हाला टाचण्या लावत बसले असते का मी? आणि मला धरून दोन केलेत तर खबरदार! मला मोजायचं काम त्याचं आहे. मोजेल, नाही तर नाही मोजणार, पण ते तुम्ही करायचं नाही.

झालं. उतरा, सांभाळून. कोट परवा सकाळी तयार असेल. आता थांबलात कशाला? मालकांना भेटायला? येतील म्हटलं ना. निघा तुम्ही.