दाराला लावलेला खराटा

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… नंबर ओळखीचा नाही म्हणून विचारते… कोण?… पिल्वी? अगं तू? हा कोणाचा फोन? तुझ्या फोनला काय झालं?

फुटला? कसा फुटला?… पडलीस? 'थोडीशी पडले' असं नसतं गं, माणूस पडतं नाहीतर पडत नाही… रेनडियर?… रेनडियरला धडकलीस?… उभा होता? मग तू थांबायचंस ना. तो कशाला थांबेल, तो आधीच थांबलेला.

ओइवा, पिल्वी रेनडियरला धडकली… नाही, ठीक आहे ती… अरे पोरीचं विचार आधी, जनावराचं काय विचारतोस.

तुझे बाबा विचारतायत, रेनडियर बरा आहे ना… गेला निघून? बरं झालं. आणि तुझा हात?… बोटं हलव बघू… मला दिसत नाही ठाऊक आहे, तरी हलव… चाकाचं मरू दे. चाक दुकानात मिळतं, मनगट मिळत नाही.

मी बोलत नाही म्हणून, पण उन्हाळाभर जिवाला घोर आहे माझ्या. लोकांच्या मुली सुट्टीत तलावावर जातात, उन्हात लोळतात, खातात पितात. आमची देशाच्या पार दक्षिण टोकाहून, हंकोहून निघाली ती कुठे, तर नॉर्डकॅपला. जिथे जमीनच संपते तिथे. एकटी, सायकलवर, झाडाखाली तंबू ठोकत… हो, हो… कुठेही ठोकू देतात, मीही याच देशात जन्मले. ठोकू देतात म्हणून ठोकलाच पाहिजे का?… डासांनी किती खाल्लं?… काय सांगतेस, डोळा उघडत नाही?… उजवा की डावा?

बरं, ते असू दे. आहेस कुठे तू?… कुठे?… परत सांग.

इनारी?

अगं इनारीला कशी पोचलीस? तू तोर्नियोहून डावीकडे वळून स्वीडनमधून जाणार होतीस. तुझ्या बाबांनी फ्रिजवर नकाशा लावलाय, रोज सकाळी चुंबक पुढे सरकवतात. फ्रिजवर तू आज स्वीडनमध्ये आहेस… मुद्दाम? मुद्दाम गेलीस इनारीला?… न सांगणं म्हणजे खोटंच ते… पण इनारीत तुझं काय… 

पिल्वी. हा फोन कोणाचा आहे?

…

ओइवा, शेगडी बंद कर… जळू देत मासे. बंद कर म्हणते ना.

हेल्कामावशीचा… हं… नाही, चिडले नाही. बसले. खुर्चीचा आवाज आला तो… तुला तिचं घर कोणी सांगितलं?… कोणी?… बाबांनी?

ओइवा, तुझ्याशी नंतर बोलते मी. रोज माझ्यादेखत चुंबक स्वीडनमध्ये सरकवतोस, आणि पोरीला वाट इनारीची दाखवतोस. घरभेदी कुठला.

हं, बोल… घरात घेतलं तिने तुला?… सॉना तापवला? वेलदोड्याचे पावही केले?… हेल्काने? अगं, तू शाळेत होतीस तेव्हापासून तिने माझ्याशी एक शब्द… बरं बरं, राहू दे. मला सांग, दार लगेच उघडलं तिने?… 'खराटा बाजूला करून वाजवलं' म्हणजे? कसला खराटा?

दाराला टेकवलेला?

अगं बाई. दाराला खराटा टेकवलेला, आणि तू दार वाजवलंस?… जोरात? अगं, दाराला खराटा म्हणजे घरात कोणी नाही. तेच कुलूप आमच्याकडचं. खराटा दिसला की टपालवाला फिरतो, पाहुणा फिरतो, पाद्रीसुद्धा फिरतो. वाजवायचं नाही, डोकवायचं नाही, हाक मारायची नाही. आईने आम्हाला बोलायला शिकवण्याआधी हे शिकवलं असेल… हो, तुला कुठून ठाऊक असणार. पाचव्या मजल्यावर वाढलीस, तिथे कोणाच्या दाराला खराटा…

थांब… थांब जरा. खराटा दाराला होता, तर ती आत कशी?

…स्वतःच लावला? पुढून लावायचा आणि मागच्या दाराने आत येऊन बसायचं?… कोणी येऊ नये म्हणून. ही कुठली तऱ्हा? म्हणजे घरात असून साऱ्या गावाला नाही म्हणून सांगायचं?… हे कधीपासून करते ती?… विचार ना. आत्ता विचार, मी फोन धरते.

…

पूर्वीपासून. कोणी नको असलं की… हं.

पिल्वी, ऐक. मध्ये बोलू नकोस. तिला एक विचार. आजी गेली त्या वर्षी, थंडी पडायच्या सुमाराला, तिने मला बोलावलं होतं. आजारी आजीला इथे तांपेरेला आणायचं की तिथेच हेल्काकडे ठेवायचं, यावरून आम्ही एकमेकींना नको ते बोललो होतो. ती म्हणाली, ये, दोघी बसू, मिटवू. तर विचार, त्या दिवशीही दाराला खराटा…

काय?… आले नाही? कोण, मी?… ती म्हणते मी आलेच नाही?

सांग तिला. नाही, फोन देऊ नकोस, तूच सांग. म्हणावं माझी आई आली होती. रात्रीच्या गाडीने रोवानिएमीला, तिथून बसने. नवे बूट घालून आली होती, टाचा सोलवटल्या होत्या. फाटकातून आत आली, तर दाराला खराटा. मी काय समजायचं, पिल्वी? बोलावून घेतलं आणि घर सोडून गेली. म्हणजे तोंड बघायचं नाही, असंच ना?… हो, बसले ना. पायरीवर बसले, परतीची बस येईपर्यंत. बारीक बर्फ पडत होतं. दाराला पाठ लावून बसले होते… नाही, वाजवलं नाही. खराटा असताना कोण वाजवतं?

…

सांगितलंस?… काय म्हणाली?… बघतेय कुठे?

हं… शेजारची सिल्वी? तिचं काय मध्येच?… हो, यायची ती, रोज कॉफीच्या वेळेला टपकायची, उठायचं नाव नाही… मग?… ती येऊन बसली तर आम्हाला बोलता येणार नाही म्हणून…

माझ्यासाठी? खराटा माझ्यासाठी लावला होता?

…'बहिणीला कसला खराटा, ती सरळ आत येईल.' असं म्हणते?… अगं पण दोघींना एकाच आईने शिकवलं ना. खराटा म्हणजे खराटा. मला काय ठाऊक, मी सोडून बाकीच्यांना लावलाय म्हणून.

आणि ती होती कुठे?… मागच्या खिडकीत. तलावाकडे बघत… हो, लहानपणी शाळेच्या बसमधून उतरलो की आम्ही तलावाच्या काठानेच यायचो. पण माझ्या पायात नवे बूट होते गं, मी रस्त्याने आले… दिवसभर? दिवसभर बसली होती तिथे?… पाव भाजून, झाकून…

एक खोली होती मध्ये. एवढीशी खोली, पिल्वी.

ओइवा… हेल्का आत होती… तेव्हा रे, तेव्हा. मी पायरीवर होते आणि ती आत होती… मला पाणी दे.

…

हो, आहे मी. बोल… मोठ्याने बोल, ऐकू येत नाही… अंगणात आलीस? कशाला?… मावशीला ऐकू जाऊ नये असं काय आहे?

काय झालंय तिला?… हृदयाचं?… झडप बदलायची म्हणजे छाती उघडून?… सोमवारी? या सोमवारी? ओउलूच्या इस्पितळात… आणि कोणाला सांगितलं नाही. म्हणून पुन्हा खराटा. गावाने येऊन चौकशा करू नयेत, म्हणून… सोबत कोण जाणार?… टॅक्सी सांगितलीय? अगं छाती उघडायला कोणी टॅक्सीने एकटं जातं का?

तू?… नाही. नाही, तू नाही थांबायचं… अगं ऐक ना. नॉर्डकॅप किती राहिलं?… मग चाक दुरुस्त कर आणि पुढे जा… हो, मीच बोलतेय. जाऊ नको म्हणणारीही मीच, आणि आता जा म्हणणारीही मीच… डोकं ठिकाणावर आहे माझं. हंकोपासून पाय मोडून घेत गेलीस, ते अर्ध्यात टाकायला नाही. तुझी मावशी आहे, पण माझी बहीण आहे. तुझ्याकडून व्हायचं ते झालं… काय झालं म्हणजे? दार वाजवलंस ना तू.

आत जा आणि दे तिला फोन… नको म्हणते?… मग कानाला लाव तिच्या.

…

हेल्का.

…

हं. मीच.

…

नाही, तळत होते. मासे, तलावातले छोटे… लोण्यातच. राय धान्याच्या पिठात घोळवून… जळले सगळे… असू देत.

…

पोरगी ना? हट्टी आहे… माझ्यावर कशाला जाईल, तुझ्यावर गेलीय… खाते किती ते बघ. सायकल चालवून चालवून पोटात विहीर झालीय तिच्या.

…

सांगितलं तिने मला… तिच्यावर नको चिडूस… कशाला म्हणजे? मी येतेय. विचारत नाहीये, हेल्का, सांगतेय… म्हण, नको म्हण. ऐकून घेतलं… गाडीने. थोडी ओइवा चालवेल, थोडी मी… मग झोपू कुठेतरी रस्त्यात. नाहीतर नाही झोपणार.

…

बोल ना… बरं, नको बोलूस. फोन तेवढा ठेवू नकोस.

…

…

नाही गं, सर्दी झालीय… तुलाही? हं… उन्हाळ्यात होते सर्दी.

…

मी आले होते, हेल्का.

…

हं… हो… मलाही.

…

काय म्हणालीस?… आत्ता?… अगं पण आत्ता कसं… हेल्का?… हॅलो?

ठेवला तिने… ओइवा, गाडीची किल्ली कुठे आहे?… नाही, रागाने नाही ठेवला. कॉफी टाकते म्हणाली… अरे ठाऊक आहे तिला, इथून इनारी दिवसभराचा रस्ता आहे. चल ना, उठ.