तलावाचा वाटा

—नाही वं पोरी, नवस धानासाठी नव्हता, खुशबूसाठी होता. भिंतीवरचा फोटो पाहून राहिली नं तू, तीच. माही लेक. सिकलसेल होता तिले, हाडं दुखाले लागली का घर डोक्यावर घे. तवा मी मनातल्या मनात बोलली—देवा, पोरगी वाचू दे, पाच ऋषीपंचम्या तुले सव्वा पायली देवधान शिजवून दाखवीन. त्या दिवशी आमी बाया नांगरल्या वावरातलं खात नाही, म्हणून तलावात आपोआप उगवलेलं देवधान लागते. चहा घे, थंडा होऊन राहिला.

तुमच्या शेतकी कॉलेजच्या जुन्या वहीत आमच्या तलावाचं नाव आहे म्हणतेस? असंल. गुडघाभर पाण्यात लाल कुसळाचं रान होतं नुसतं—पिकलं का वाऱ्यानंही दाणा खाली! म्हणून हिरवं असतानाच देवधानाची चार-चार ताटं एकत्र बांधून ठेवा लागते, मंग दाणा त्यातच अडकते. पण आमची सासू, सत्यभामाबाई, काठाची ताटं कधी बांधू देत नव्हती. "तलावाचा वाटा आहे थो," म्हणे. अन् तू इतकी शिकून काय सांगून राहिली?—चिखलात पडलं तेच पुढच्या साली उगवते, अन् रोगाशी लढाचं जे बळ आमच्या वावरातल्या धानात उरलं नाही, ते याच्या बीत असू शकते. म्हातारी एक दिवस शाळेत गेली नव्हती पाह्य.

आता काहून दिसत नाही? लोकं सांगतात नं—मासोळ्या धरणाऱ्या श्यामलालनं गवत खाणारी मासोळी सोडली, तिनं खाल्लं. गावानं त्याची जाळी जाळली. बायको-लेकरं घेऊन गेला नागपूरकडं, फिरून आला नाही. मासोळीनंच खाल्लं असंल... असंल काय, नाही. देव्हाऱ्यासमोर बसली आहो, खोटं कायले बोलू? मासोळी तर मागून आली. चौथ्या साली धानच कमी, सव्वा पायली भरेना—तिकडं भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोरीले रक्त चढवून राहिले होते. मी काठाचीही ताटं बांधली. समदी. एक दाणा पडू दिला नाही. वाटलं, देवापेक्षा तलाव मोठा आहे का? सव्वा पायली भरली. पाचव्या साली तलावात काहीच उगवलं नाही, अन् पंचमीच्या आठ दिवस आदी पोरगी गेली. श्यामलालची जाळी जळत होती तवा मी दारात तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही मी.

नको, माहे डोळे नको पुसू. हा तांब्या धर. त्या चौथ्या सालचं मूठभर देवधान आहे यात, पूजेची हळद लागली आहे थोडी—उगवल का? दाणे तळहातावर घेऊन पाहून राहिली तू. बरं. उगवलंच तर? देवाच्या मनात असंल तर उगवल. घेऊन जा, पण असंच नाही. दिव्यासमोर ये. श्यामलालले शोधून गावासमोर त्याचं नाव धुवीन, हा माहा नवस. तूही एक कर—जे पहिलं पिकंल ते तोडाचं नाही, तुमच्या कॉलेजच्या यंत्रात टाकाचं नाही, आमच्या तलावाच्या चिखलात पडू द्याचं.

अन् मोठ्यानं बोल पोरी. मी मनातल्या मनात बोलली होती, म्हणून काठाची ताटं बांधताना मले कोणी अडवलं नाही.